मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज: बेट बदलतं तशी त्यावरची झाडं कशी बदलतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेटांवरच्या वनस्पतींबद्दल येणारे बहुतेक प्रश्न एका गृहीतावर उभे असतात: बेट म्हणजे एक स्थिर तुकडा आणि त्यावर येऊन बसलेली झाडं. निदान ज्वालामुखी बेटांना तरी हे लागू होत नाही. ती समुद्रातून वर येतात, वाढतात, झिजतात आणि शेवटी बुडतात, आणि झाडांचा हिशेब या सगळ्या प्रवासासोबत मांडावा लागतो. उदाहरणं मुद्दाम मास्करीन बेटांची घेतली आहेत. मराठी वाचकाचं त्यांच्याशी नातं आहे, आणि ते फक्त माणसांपुरतं नाही (प्रश्न 2 पाहा).

1. मास्करीन बेटं म्हणजे नेमकी कोणती?

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला असलेली तीन बेटं. रियुनियन 2,512 चौ.किमी. आणि सर्वांत उंच शिखर 3,070 मीटर. मॉरिशसचं मुख्य बेट 1,865 चौ.किमी. आणि 828 मीटर. रॉड्रिग्ज 108 चौ.किमी. आणि 398 मीटर. रियुनियन फ्रान्सचा भाग आहे, तर रॉड्रिग्ज मॉरिशस देशात मोडतं. वयानं रियुनियन 20 ते 30 लाख वर्षांचं. मॉरिशस 80 ते 90 लाख वर्षांचं. रॉड्रिग्जच्या वयावर अजून एकमत नाही. तिथे वर दिसणारा लाव्हा जेमतेम 15 लाख वर्षांचा, पण खालचा पाया त्याहून बराच जुना असावा असं अनेकांचं मत आहे.

2. सह्याद्री आणि ही बेटं एकाच ज्वालामुखीची भावंडं आहेत असं वाचलं. खरं का?

एकाच चुलीवरची, असं म्हणणं जास्त बरोबर. पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येण्याची एक जागा, म्हणजे हॉटस्पॉट, आज रियुनियनच्या खाली आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तिच्यावर भारत होता आणि दख्खनचा काळा पाषाण तिथून ओतला गेला. पुढे भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेलं आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत गेली. सर्वमान्य मांडणीनुसार तो क्रम लक्षद्वीप, मालदीव (तळातला खडक सुमारे 5.7 कोटी वर्षांचा), चागोस (4.9 कोटी), मॉरिशसच्या उत्तरेची बुडालेली पठारं (3.1 कोटी), मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन असा आहे.

म्हणजे कळसूबाईचा कातळ आणि रियुनियनच्या पितों द ला फूर्नेझमधून आजही वाहणारा लाव्हा एकाच चुलीतले आहेत. मधल्या काळात तवा तेवढा सरकत राहिला.

3. मग तिथली झाडं सह्याद्रीतूनच गेली का?

नाही. खडकाचं नातं 6.6 कोटी वर्षांचं आहे आणि मॉरिशस पाण्याबाहेर येऊन एक कोटी वर्षंही झालेली नाहीत. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती, त्यामुळे तिथलं प्रत्येक मूळचं झाड समुद्र ओलांडून आलं आहे. वाटा तीनच: वारा, पाणी आणि पाखरं. वाऱ्याने नेच्यांचे बीजाणू आणि ऑर्किडचं धुळीसारखं बी येतं. पाण्यावर तरंगत उंडी, केवड्याच्या जातीची फळं येतात. पाखरांच्या पोटातून किंवा पिसांना चिकटून बाकीचं.

बहुतेक पाहुणे जवळच्या मादागास्कर आणि आफ्रिकेतून आले, काही पूर्वेकडून. तरीही मराठी माणसाला तिथली कुळं ओळखीची वाटतात. टेंभुर्णीचा भाऊ आबनूस, रुद्राक्षाच्या प्रजातीतली इलिओकार्पस, जांभळाच्या सायझिजियम प्रजातीतली कितीतरी झाडं, बकुळीची मिम्युसॉप्स, केवड्याचे पँडानस. प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) त्याच, जाती मात्र वेगळ्या.

सगळ्यांत लांबचा प्रवास बहुधा रियुनियनच्या डोंगरमाथ्यावरच्या अकेशिया हेटेरोफिला या झाडाचा असावा. त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक शेजारच्या आफ्रिकेत सापडत नाही. तो सुमारे 18,000 किमी.वर हवाई बेटांवरचा कोआ वृक्ष आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात रियुनियनचं झाड कोआच्याच वंशातून निघालेलं आढळलं. बी समुद्रपक्ष्याने आणलं असावं, हा त्यातला सर्वांत पटणारा अंदाज.

4. बेट मोठं तर जाती जास्त, हा नियम आहे ना? गणित कसं करायचं?

नियम आहे, पण त्याचा हट्ट धरू नये. जातींची संख्या क्षेत्रफळाच्या एका घातांकाने वाढते आणि बेटांसाठी तो घातांक साधारण 0.25 ते 0.35 असतो. 0.3 धरला तर क्षेत्रफळ दहापट झाल्यावर जाती दुप्पट होतात.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा. पहिली पायरी, दोन क्षेत्रफळांचा भागाकार: रॉड्रिग्ज 108 भागिले मॉरिशस 1,865, म्हणजे 0.058. दुसरी पायरी, त्याचा 0.3 घात: सुमारे 0.425. तिसरी पायरी, ज्ञात संख्येने गुणा. मॉरिशसमध्ये मूळच्या सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 690 जाती नोंदल्या आहेत, म्हणून रॉड्रिग्जमध्ये 290 च्या घरात असायला हव्यात. प्रत्यक्षात नोंदल्या आहेत सुमारे 150. आता रियुनियन: 2,512 भागिले 1,865 म्हणजे 1.35, त्याचा 0.3 घात 1.09, म्हणजे 750 च्या आसपास अपेक्षित. प्रत्यक्षात 550 च्या आसपास.

दोन्हीकडे गणित चुकलं, आणि त्याचा उपयोग तिथेच आहे. क्षेत्रफळाने जेवढं समजत नाही तेवढं दुसऱ्या कशाने तरी समजावून घ्यावं लागतं. रॉड्रिग्जच्या बाबतीत ते सोपं आहे. ते मॉरिशसच्या पूर्वेला आणखी जवळपास 600 किमी. दूर आहे, बुटकं आहे, आणि तिथली झाडं नीट मोजली जाण्याआधीच बरंच रान तोडलं-जाळलं गेलं होतं. रियुनियनचं कारण पुढच्या प्रश्नात.

5. रियुनियन मॉरिशसपेक्षा मोठं आणि जवळजवळ चौपट उंच. तरी सपुष्प जाती मॉरिशसमध्ये जास्त. असं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

बेट समुद्रातून नुकतं वर येतं तेव्हा ते एक गुळगुळीत घुमट असतं. उंची वाढते तसे थर पडतात: खाली उष्ण किनारा, मध्ये ढगांचा पट्टा, वर थंडी. जागा वाढते, पण ती भरायला पाहुणे यावे लागतात आणि त्यांच्यापासून नव्या जाती घडाव्या लागतात. ज्वालामुखी थंडावला की पावसाचं काम सुरू होतं. घुमटाला घळी पडतात, घळींच्या दऱ्या होतात, दऱ्यांमध्ये धारा उरतात. बेट या वेळी उंचीने कमी होत असतं, पण राहण्याच्या वेगवेगळ्या जागा सगळ्यांत जास्त याच मधल्या वयात असतात. पुढे झीज जिंकते. माथे सपाट होतात, ढगांचा पट्टा माथ्याच्या वर निघून जातो आणि थंड-ओल्या जागेवर जगणाऱ्या जातींच्या पायाखालची जमीनच जाते. शेवटी बेट समुद्रसपाटीला येतं.

वयाच्या अक्षावर जातींची संख्या काढली तर मध्ये फुगवटा असलेली वक्ररेषा मिळते. 2008 साली रॉबर्ट व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी हे प्रारूप मांडलं. 1960 च्या दशकातल्या मॅकआर्थर आणि विल्सन यांच्या प्रसिद्ध सिद्धांतात क्षेत्रफळ आणि अंतर होतं. या नव्या मांडणीने त्यात बेटाचं आयुष्य घातलं.

मॉरिशस या वक्रावर मधल्या वयात आहे, रियुनियन चढत्या बाजूला. आबनुसाच्या डायोस्पायरॉस प्रजातीत हे सुरेख दिसतं: मॉरिशसमध्ये तिच्या डझनभर प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच सापडणाऱ्या) जाती, रियुनियनमध्ये एक आणि रॉड्रिग्जमध्ये एक.

इशारा असा की तीन बेटांवरून वक्ररेषा सिद्ध होत नाही. त्यासाठी हवाई किंवा कॅनरीसारखी लांब रांग लागते. कॅनरीत सर्वांत जुनी लान्झारोते आणि फुएर्तेव्हेंतुरा बेटं आज बुटकी, कोरडी झाली आहेत, आणि प्रदेशनिष्ठ जाती मधल्या, उंच तेनेरिफेवर कितीतरी जास्त आहेत.

6. मॉरिशस 80-90 लाख वर्षांचं, मग तिथली सगळी जमीन तेवढीच जुनी का?

नाही, आणि इथेच भलेभले चुकतात. मॉरिशसचा पहिला मोठा घुमट झिजून त्याच्या कडा तेवढ्या उरल्या: ल पूस, पीटर बोथ, कोर द गार्द हे सुळके त्याच कडेचे अवशेष. त्यानंतर 35 लाख वर्षांपूर्वीपासून पुढे नव्या उद्रेकांच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीचा लाव्हा काही ठिकाणी फक्त काही दहा हजार वर्षांचा आहे आणि मधलं पठार बरंचसं त्यानेच बनलंय. त्यामुळे एकाच बेटावर म्हाताऱ्या कड्यावर जुने वंश टिकून राहिले आणि शेजारच्या तरुण लाव्हावर वसाहत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ‘बेटाचं वय’ हा एक आकडा घेऊन आलेख काढला की हा तपशील गायब होतो.

7. ताज्या लाव्हावर रान उभं राहायला किती काळ लागतो?

पावसावर अवलंबून आहे. रियुनियनच्या पूर्वेकडच्या उतारांवर वर्षाला काही ठिकाणी 7 ते 10 मीटर पाऊस पडतो. तिथे दोनेक वर्षांतच काळ्या लाव्हावर राखाडी झाक दिसू लागते. ते स्टिरिओकॉलॉन नावाचं दगडफूल, नायट्रोजन धरून ठेवणारं. मग भेगांमध्ये नेचे, त्यानंतर अगारिस्टा सालिसिफोलियासारखी झुडपं. खरं उंच रान उभं राहायला काही शतकं लागतात. पश्चिमेकडच्या कोरड्या उतारावर हेच काम कितीतरी सावकाश चालतं.

लाव्हाचा पोतही मोजावा. दोरीसारख्या वळ्यांच्या गुळगुळीत लाव्हावर बी फक्त भेगांत रुजतं. खडबडीत, कपचेदार लाव्हात फटी खूप, पण पाणी लगेच खाली निघून जातं.

आज या क्रमात बिघाड झाला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला सुरू म्हणतो तेच झाड रियुनियनमध्ये लाव्हावर मुद्दाम लावलं गेलं. ते मुळांतल्या गाठींमधून स्वतःचा नायट्रोजन मिळवतं, भराभर वाढतं आणि खाली सुयांचा जाड थर टाकतं. दगडफूल-नेचे-झुडपं ही शिडीच त्यामुळे वगळली जाते. सुरूचं बन हिरवं दिसतं, पण त्याच्याखाली मूळचं रान रुजत नाही.

8. एका दरीत एक जात आणि पलीकडच्या दरीत दुसरी. हे घडतं कसं?

दोन लोकसंख्यांमध्ये परागांची आणि बियांची देवाणघेवाण थांबली की त्या आपापल्या वाटेने बदलू लागतात. बेटावर ती थांबवायला समुद्र लागत नाही. दरी, कोरडी धार किंवा लाव्हाचा ओघ पुरतो.

ट्रोकेशिया ही भेंडी-जास्वंदाच्या कुळातली प्रजाती जगात फक्त मास्करीनमध्ये आहे. सहा जाती, पाच मॉरिशसच्या आणि एक रियुनियनची. त्यातली ट्रोकेशिया बुतोनियाना, म्हणजे मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, रानात एकाच ल मोर्न कड्यावर उरली आहे. ट्रोकेशिया पार्व्हिफ्लोरा 1863 नंतर कुणाला दिसली नव्हती, नष्ट झाली असं समजलं जात होतं. 2001 साली ती कोर द गार्द डोंगरावर सापडली. कडे हे बेटावरच्या वनस्पतींचे शेवटचे किल्ले असतात, कारण तिथे हरीण, डुक्कर आणि कुऱ्हाड पोचत नाही.

भूदृश्याचा परिणाम याहून लहान मापातही दिसतो. ट्रोकेशिया ब्लॅकबर्नियानाच्या फुलांवर निळसर शेपटीचा दिनचर गेको (पालीचा एक प्रकार) परागीभवनासाठी येतो. हा गेको काटेरी पँडानसच्या दाटीत लपून राहतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पँडानसला लागून असलेल्या झुडपांना दूरच्या झुडपांपेक्षा जास्त भेटी मिळाल्या आणि जास्त फळं धरली. पँडानस तोडला तर ट्रोकेशियाला कुणी हात न लावताही तिचं बी कमी होतं.

9. मॉरिशसमध्ये आपल्यासारखा जांभा आहे म्हणतात. त्यावर काय उगवतं?

मधल्या ओल्या पठारावर, पेत्राँ आणि प्लेन शाम्पान्यच्या बाजूला, लोहयुक्त जांभ्यासारखं कठीण कवच आहे. वर मातीचा पातळ थर, खाली पाणी न मुरणारा पापुद्रा. परिणाम कोकणच्या सड्यासारखाच, झाडं खुजी. बाजूच्या खोल मातीत पंधरा-वीस मीटर उंच रान आणि इथे माणसाच्या उंचीची दाट झुडपं, डबक्यांत पँडानस. पाऊस तोच, पण जमिनीखालचा थर वेगळा म्हणून जाती वेगळ्या. ‘पाऊस भरपूर, मग झाडं लहान का?’ असं विचारणाऱ्यांनी आधी सब्बल मारून पाहावी.

10. एकाच झाडाला दोन प्रकारची पानं का असतात?

मास्करीनच्या अनेक झाडांची रोपटी अरुंद, कधी तांबड्या शिरांच्या पानांची असतात आणि झाड दीडेक मीटरच्या वर गेलं की रुंद, साधी हिरवी पानं येतात. नवख्या माणसाला ती दोन वेगळी झाडं वाटतात आणि यादीत एक जात फुकटची वाढते.

सर्वांत चर्चेतलं स्पष्टीकरण राक्षसी कासवांचं. या बेटांवर मूळचे मोठे चरणारे सस्तन प्राणी नव्हते, चरणारी होती ती कासवं. त्यांची मान पोचते त्याच उंचीपर्यंत वेगळी पानं. कासवं संपली, पण झाडांची ही सवय राहिली. प्रत्येक जातीला हे स्पष्टीकरण चिकटवू नये. सावलीत वाढणाऱ्या रोपाची पानं तशीही वेगळी असतात.

11. डोडो गेला म्हणून एक झाड उगवायचं थांबलं, ही गोष्ट खरी का?

नाही. 1977 साली स्टॅनली टेंपल यांनी मांडलं की तांबालाकोक या झाडाची जाड कवचाची बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, आणि मॉरिशसमध्ये 300 वर्षांहून जुनी 13 झाडंच उरली आहेत. त्यांनी टर्की पक्ष्यांना 17 बिया भरवल्या, 7 चिरडल्या गेल्या, उरलेल्या 10 पैकी 3 रुजल्या. तुलनेसाठी न भरवलेल्या बियांचा गट मात्र नव्हता. पुढे शेकडो झाडं सापडली, त्यात कमी वयाचीही होती. ही बी ठरलेल्या रेषेवर आपोआप फुटते, तिला पोटाची गरज नाही.

गोष्ट इतकी गोड आहे की ती पाठ्यपुस्तकांतून जायला तयार नाही. झाड दुर्मिळ होण्याची खरी कारणं जास्त कंटाळवाणी आहेत: माकडं कच्ची फळं तोडतात, डुकरं बिया आणि रोपं उकरतात, परक्या झुडपांखाली रोपांना ऊन मिळत नाही.

12. मॉरिशस तर हिरवंगार दिसतं. मूळचं रान किती उरलं आहे?

चांगल्या स्थितीतलं रान 2 टक्क्यांहून कमी. रियुनियनमध्ये अजून सुमारे 30 टक्के आहे, आणि फरकाचं कारण पुन्हा भूदृश्यच. मॉरिशसचं मधलं पठार सपाट, म्हणून ऊस लावता आला. रियुनियनचे उभे कडे आणि माफात, सिलाओस, सालाझी या तीन प्रचंड परातीसारख्या दऱ्या नांगराला जुमानल्या नाहीत. जी उंची आणि जो उतार जाती घडवतो तोच त्यांना वाचवतोही.

मॉरिशसमधली हिरवळ म्हणजे ऊस, पाइन, मादागास्करचा रावेनाला, घाणेरी, आणि सर्वांत वाईट म्हणजे लाल फळांचा चायनीज पेरू. मूळची उंच झाडं काही ठिकाणी उभी आहेत, पण त्यांच्याखाली पेरूची काठ्यांसारखी दाटी आणि त्यांचं स्वतःचं एकही रोप नाही. अशा रानावर जाती नष्ट होण्याचं कर्ज चढलेलं असतं. झाड मरेपर्यंत ते वसूल झालेलं दिसत नाही.

13. चायनीज पेरू उपटून टाकला की रान परत येतं का?

येतं, पण एकदाच उपटून नाही. मॉरिशसमध्ये कुंपण घालून, हाताने साफ केलेल्या तुकड्यांचा अनुभव असा:

आधी कुंपण, मग तोडणी. उलट केलं तर मोकळ्या जागेत जावा हरीण आणि डुक्कर शिरतात आणि नवी रोपं पहिल्याच हंगामात खातात. पेरूची लहान रोपं मुळासकट उपटावीत. मोठी बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावं, नाहीतर बुंध्यातून आणि मुळांतून धुमारे फुटतात. एका वेळी लहान तुकडाच घ्यावा. सगळा पेरू एकदम काढला की जमिनीवर अचानक ऊन पडतं आणि घाणेरी, काटेरी रासबेरीसारखी उन्हाळी तणं मूळच्या रोपांच्या आधी उठतात. पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. दिलासा एवढाच की चायनीज पेरूचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहत नाही. नवं बी पाखरं, माकडं, डुकरं बाहेरून आणतात, म्हणून कुंपणाबाहेरची फळं धरलेली पेरूची झाडं आधी तोडावीत.

कासवांचं काय? इल ओ झेग्रेत या 26 हेक्टरच्या प्रवाळ-चुनखडीच्या लहान बेटावर 2000 सालापासून सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची राक्षसी कासवं सोडली आहेत. नष्ट झालेल्या कासवांच्या जागी ती आबनुसाची फळं खातात आणि बी दूरवर टाकतात. पोटातून गेलेलं बी चांगलं रुजतं, हे तिथे तुलनेसकट मोजलं आहे. प्रश्न 11 मधल्या प्रयोगात नेमकं हेच राहून गेलं होतं.

उलटा अनुभव मॉरिशसच्या उत्तरेच्या राउंड आयलंड या लहान बेटाचा. तिथून 1979 ला बकऱ्या आणि 1986 ला ससे काढले. ताडांची रोपं उठली, पण इतके दिवस ससे खात होते ती परकी तणंही उठली.

14. जगात एकच झाड उरलं असेल तर ती जात जिवंत मानायची का?

नोंदीत हो. मॉरिशसमधल्या क्यूरपीपच्या उद्यानात हायोफोर्बे अमॅरिकॉलिस हा ताड एकटा उभा आहे. त्याची नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे स्वतःचं स्वतःशीही फलन होणं अवघड.

गंगा तलावाच्या परिसरातल्या डोंगरावर रुद्राक्षाच्या प्रजातीतली इलिओकार्पस बोजेरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. महाशिवरात्रीला लाखो भाविक त्या डोंगराच्या पायथ्याशी येतात.

आशादायक उदाहरण रॉड्रिग्जचं. काफे मारों हे कॉफीच्या कुळातलं झुडूप नष्ट झालं असं समजत होते, तोवर 1979-80 मध्ये एका शाळकरी मुलाने त्याची फांदी वर्गात आणली. 1986 साली कलमं लंडनच्या क्यू उद्यानात गेली. रोपं फुलत, पण फळ धरत नसे. अखेर कुक्षीचा वरचा भाग कापून तिथे पराग ठेवला तेव्हा, 2003 मध्ये, बी मिळालं. त्या बियांची रोपं रॉड्रिग्जला परत गेली. ती सगळी एकाच झाडाची लेकरं आहेत, हे मात्र विसरू नये.

15. मॉरिशसखाली बुडालेला खंड सापडला ना? मग झाडं कोट्यवधी वर्षं जुनी असतील.

2013 आणि 2017 च्या अभ्यासांत मॉरिशसच्या वाळूत आणि खडकात झिरकॉन या खनिजाचे फार जुने कण मिळाले, काही तर 300 कोटी वर्षांपर्यंतचे. लाव्हाने ते खालून ओढून आणले. खंडाचा तो तुकडा समुद्राखाली गाडलेला आहे, त्यावर कुठलंही झाड टिकून मॉरिशसपर्यंत आलेलं नाही.

खरोखर खंडाचा तुकडा असलेलं बेट पाहायचं तर सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं. ती भारतापासून सुटली तो काळ दख्खनच्या उद्रेकाच्या आसपासचाच. तिथे जुने, एकाकी वंश सापडतात. साधूंच्या हातातल्या कमंडलूसाठी वापरला जाणारा दर्याचा नारळ तिथला. त्याचं ताजं फळ पाण्यात बुडतं, म्हणून ते झाड समुद्र ओलांडून स्वतः कुठेच गेलं नाही.

16. बेट बुडालं की त्यावरच्या जातीही संपतात का?

ज्यांना तरुण शेजारी बेटावर उडी मारता आली त्या संपत नाहीत. हवाईतल्या लोबेलिया गटाचा वंश सुमारे 1.3 कोटी वर्षांचा आहे आणि आजच्या मोठ्या बेटांतलं सर्वांत जुनं काउआई फक्त 50 लाख वर्षांचं. म्हणजे पूर्वज आज झिजून गेलेल्या बेटांवर उतरले आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या बेटावर सरकत राहिले. वंश बेटापेक्षा जुना असू शकतो.

मास्करीनकडे अशा पायऱ्या बर्फयुगात होत्या. समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता तेव्हा उत्तरेची साया द मल्या, नाझारेथ ही बुडालेली पठारं विस्तीर्ण बेटं होती.

ज्यांना उडी जमली नाही त्यांचं काय होतं ते लक्षद्वीपात दिसतं. ज्वालामुखीचा डोंगर खोल गेला, वर प्रवाळांनी समुद्रसपाटीपासून काही मीटर उंचीचा मुकुट धरून ठेवला. तिथे आज आहेत ती नारळ, केवडा, समुद्रवेल, अशी जवळजवळ सगळी किनाऱ्यावरची, समुद्राने वाहून आणलेली किंवा माणसाने लावलेली झाडं.

17. वेगवेगळ्या याद्यांत जातींचे आकडे वेगळे का?

चार गोष्टी तपासा: फक्त सपुष्प की नेच्यांसह, मूळच्याच की परक्याही, नष्ट झालेल्या धरल्या की वगळल्या, आणि उपजाती वेगळ्या मोजल्या का. ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणजे एका बेटाची की सगळ्या मास्करीनची, हेही पाहा. या पानावरचे आकडे मूळच्या सपुष्प जातींचे, म्हणून ‘सुमारे’ लावूनच वाचावेत.

18. कास पठार, कोकणचे सडे हीही बेटंच म्हणायची का? मुलांना काय करून दाखवता येईल?

काही अर्थाने. जांभ्याच्या सड्यावर जगणारी वनस्पती भोवतालच्या खोल मातीत टिकत नाही, म्हणून तिच्या दृष्टीने सडा बेटच. फरक असा की मधली जमीन समुद्राइतकी दुस्तर नाही, त्यामुळे अलगपणा अर्धवट राहतो.

प्रयोग सोपा आहे. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सुतळीने 1×1 मीटरचा चौकोन आखा, त्यातल्या वेगवेगळ्या जाती मोजा. त्याच कोपऱ्यातून तो 2×2, 4×4, 8×8 करत जा आणि फक्त नव्या जाती मिळवा. नावं येत नसतील तर ‘पांढरं-केसाळ’, ‘जांभळं-आडवं’ अशी टोपणनावं चालतील. क्षेत्रफळ आणि जाती, दोन्ही आकड्यांचे लॉग घेऊन आलेख काढा, चढ म्हणजे घातांक. तो 0.15 च्या आसपास आला तर घाबरू नका. एकाच सलग जागेत तो बेटांपेक्षा कमीच येतो, कारण नवी जात शेजारून चालत येऊ शकते. चूक बहुधा इथे होते: मुलं डबकं, भेग आणि मातीचा कट्टा एकाच चौकोनात घेतात आणि आकडा उगाच चढतो. कोणता अधिवास मोजतोय ते आधी ठरवा. आणि सड्यावर पायाखाली पाहून चाला, रोपं बोटभर असतात.

चिऱ्याची खाण पडली किंवा सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे मारून माती भरली की प्रश्न 9 मधला पापुद्राच जातो. मग सड्याची झाडं परत येत नाहीत, पाऊस कितीही पडो.

19. मॉरिशसला जाणार आहोत. मूळची झाडं कुठे पाहावीत?

पेत्राँहून माकाबेच्या वाटेने चालत जा. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान 1994 पासून आहे. कुंपणातला साफ केलेला तुकडा आणि बाहेरची पेरूची दाटी शेजारी शेजारी दिसते, पाच मिनिटं तिथे थांबा. मायबूर्गजवळून इल ओ झेग्रेतला मार्गदर्शकासोबत होडीने जाता येतं, किनाऱ्यावरचं आबनुसाचं रान तिथेच उरलंय.

निघण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासा आणि पायमोजे उलटे करून झटका. आघाडा, कुसळ, घाणेरीचं बी अशाच वाटेने फिरतं. तुळशीचं रोप, ताजी फळं, बियाणं परवानगीशिवाय सोबत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. आणि उद्यानातले पिकलेले चायनीज पेरू खायला हरकत नाही. चवीला छान आहेत, फक्त बी तिथेच थुंकू नका.